कापणीत पहिला वर्ग, सुकवणीत काठावर पास : दक्षिण जॉर्जियातील एका सॉ मिलचा अनुभव

आमचे घर दक्षिण जॉर्जियात, व्हॅल्डोस्टा शहराच्या बाहेर, फ्लोरिडाच्या सीमेपासून फारसे दूर नसलेल्या भागात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये इडालिया, ऑगस्ट २०२४ मध्ये डेबी आणि २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन अशी तीन चक्रीवादळे तेरा महिन्यांत फ्लोरिडाच्या एकाच किनारपट्टीवरून आत शिरली आणि तिन्हींचा फटका या भागाला बसला. पहिली दोन आमच्या परसातल्या झाडांनी कशीबशी सोसली. हेलीनने मात्र दोन लाँगलीफ पाइन मुळासकट उपटले आणि मागच्या तळ्याकाठचा बाल्ड सायप्रस जमिनीपासून दहा फुटांवर मोडून टाकला. जॉर्जियाच्या वनविभागाने हेलीनमुळे झालेल्या केवळ इमारती व लगद्याच्या लाकडाच्या नुकसानीचा अंदाज १.२८ अब्ज डॉलर इतका वर्तवला होता. अशा काळात पडलेल्या झाडाला कोणी गिऱ्हाईक नसते, उलट ते उचलून नेण्याचेच पैसे मोजावे लागतात. ती झाडे सरपणात घालवण्यापेक्षा त्यांच्या फळ्या काढून घ्याव्यात असे ठरवून मी ज्या सॉ मिलमध्ये गेलो, तिच्याविषयी हे लिहीत आहे. वर्षभराचा अनुभव हाताशी आहे आणि त्या फळ्या आता घरात वापरात आहेत, त्यामुळे मत देण्याइतका काळ लोटला आहे असे मला वाटते.

ही गिरणी म्हणजे पत्र्याच्या एका लांब शेडखाली मांडलेली आडवी बँडसॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत), ओंडके उचलणारा एक ट्रॅक्टर, मागे एक छोटी वाळवणी भट्टी आणि काम करणारी दोनच माणसे, साठीतले मालक आणि त्यांचा पुतण्या. दाराला पाटी नाही, जाहिरातही नाही. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केट ज्यांनी पाहिले आहे त्यांना उभ्या बँडसॉपुढे ट्रॉलीवरून सरकणारा ओंडका आठवेल. येथे उलटा प्रकार असतो. ओंडका लोखंडी रुळांच्या चौकटीवर जागच्या जागी जखडलेला राहतो आणि करवतीचे डोके त्याच्या अंगावरून आडवे चालत जाते. या करवतीचे पाते पातळ असल्यामुळे प्रत्येक कापामागे सुमारे एक दशांश इंच लाकूड भुशात जाते. वर्तुळाकार पात्याच्या जुन्या गिरण्यांत हाच काप पाव इंचाच्या आसपास खातो. एका ओंडक्यातून दहाबारा फळ्या काढायच्या म्हटले तर या फरकात एखादी जास्तीची फळी सहज निघते.

गिरणीत जाण्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिथेच बहुतेकांचे नुकसान होते. वादळानंतर झाडे तोडणारे ठेकेदार खोडाचे दीड-दीड फुटांचे तुकडे करतात, कारण त्यांना ते उचलायला सोपे जाते. असे तुकडे गिरणीच्या काहीही उपयोगाचे नसतात. मालकांनी फोनवरच बजावले होते की आठ फुटी फळी हवी असेल तर ओंडका किमान साडेआठ फुटांचा ठेवा, कापलेली टोके त्याच दिवशी मेणाच्या लेपाने बंद करा आणि ओंडके मातीवर न ठेवता दोन आडव्या लाकडांवर ठेवा. टोके उघडी राहिली तर तेथून ओलावा झपाट्याने निघून जातो आणि लाकडाला आतपर्यंत उभ्या चिरा पडतात. हे सगळे त्यांनी कोणताही मोबदला न घेता, मी गिऱ्हाईक होईन की नाही हे ठाऊक नसताना सांगितले. एका पाइनच्या बाबतीत ठेकेदाराने माझे ऐकले नाही, आणि ते झाड सरपणातच गेले.

राहिलेल्या दोन झाडांचे एकूण सहा ओंडके झाले, चार पाइनचे आणि दोन सायप्रसचे. वादळानंतर गिरणीपुढे एवढी रांग लागली होती की आमचा क्रमांक सात आठवड्यांनी आला. सायप्रसला या विलंबाचा काहीही त्रास झाला नाही. पाइनच्या बाहेरच्या कच्च्या लाकडात मात्र निळसर करडे पट्टे उतरले. हा एका बुरशीचा डाग असतो. लाकडाच्या ताकदीत त्याने फारसा फरक पडत नाही, पण रंग कायमचा बिघडतो, आणि दक्षिणेच्या उबदार ऑक्टोबरात पाइनचा ओंडका सालीसकट पडून राहिला तर तो पडणारच. याचा दोष मी गिरणीला देत नाही. पाइन आधी आणि सायप्रस मागाहून असा क्रम लावला असता तर ते टळले असते, एवढेच.

आता कापणीविषयी. मी कापणीच्या दोन्ही दिवशी सकाळपासून तेथे उभा होतो, आणि पैसे कशासाठी मोजायचे ते मला पहिल्या तासाभरातच कळले. बँडसॉ चालवणे हे कोणीही आठवड्याभरात शिकू शकेल असे काम आहे. ओंडका चौकटीवर चढल्यावर मालक मात्र त्याच्याभोवती तीनतीनदा फिरत, टोकांवरची वाढवलये पाहत, गाठी मोजत, बोटाने साल उकरून पाहत आणि मग पुतण्याला तो थोडा फिरवायला सांगत. पहिला काप कोणत्या बाजूने घ्यायचा यावर पुढच्या सगळ्या फळ्यांचे रूप ठरते. वाकडे वाढलेले झाड असेल तर वाकाच्या दिशेने कापलेली फळी मोकळी होताच धनुष्यासारखी ताणते. झाडाच्या अगदी मधला भाग फळीत राहिला तर ती हमखास फाटते, म्हणून तो भाग एका जाड चौकोनी तुकड्यात वेगळा काढला जातो. वादळात पडलेल्या झाडात आणखी एक धोका असतो. वाऱ्याने खोड वाकताना आतले तंतू आडवे चिरडले जातात आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. मोडलेल्या सायप्रसच्या खालच्या ओंडक्यात तसा भाग असणार हे त्यांनी पहिल्याच फळीवरच्या केसाएवढ्या आडव्या सुरकुतीवरून ओळखले आणि तिथून अडीच फूट तोडून टाकायला सांगितले. मला हळहळ वाटली. त्यांनी तो तोडलेला तुकडा उचलून रुळावर आपटला, तेव्हा तो सुरकुतीच्या रेषेत बिस्किटासारखा तुटला.

यापेक्षाही मला थक्क करणारा प्रसंग पाइनच्या बुंध्याच्या ओंडक्यात घडला. दक्षिण जॉर्जियाचा हा पट्टा एके काळी टर्पेंटाइन आणि राळेच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. पाइनच्या बुंध्यावर दर आठवड्याला तिरप्या खाचा पाडायच्या, त्यातून पाझरणारा चीक गोळा करायचा आणि तो ऊर्ध्वपातित करायचा, असा तो उद्योग. पूर्वी चीक साठवण्यासाठी झाडाच्या बुंध्यातच खोल पेटी कोरत, त्यामुळे झाड कमकुवत होऊन लवकर मरे. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्जियातील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हर्टी यांनी पत्र्याची पन्हळ आणि मातीचा पेला झाडावर टांगण्याची पद्धत रूढ केली आणि झाडे वाचू लागली. या खाचांमुळे झाडावर जी उभी जखम राहते तिला तेथे मांजरीचे तोंड म्हणतात, कारण तिरप्या रेषा मिशांसारख्या दिसतात. आमच्या पाइनवर वरून काहीच दिसत नव्हते. मालकांनी बुंध्याची एक बाजू किंचित सपाट असल्याचे पाहून धातुशोधक यंत्र फिरवले आणि ते वाजले. आत झाडाने गिळून टाकलेली पत्र्याची पन्हळ आणि ती ठोकलेले खिळे होते. त्यांनी तेवढा भाग साखळी करवतीने कोरून काढला. त्या जखमेभोवतीचे लाकूड राळेने इतके भरले होते की ते मधासारखे पारदर्शक लालसर दिसत होते, आणि शेडभर टर्पेंटाइनचा वास सुटला. माझ्या झाडाचा असा इतिहास मला त्याच्या मरणानंतर कळला. ते लालसर तुकडे मी वेगळे मागून घेतले आहेत. चुलीला किंवा शेकोटीला यांच्यासारखे पेटवण नाही.

दुसऱ्या ओंडक्यात मात्र यंत्राला न सापडलेला एक खिळा पात्याला लागला, आणि नंतर आणखी एक. प्रत्येक पात्याचे ३० डॉलर बिलात लावले गेले. परसातल्या किंवा कुंपणाजवळच्या झाडाबाबत ही अट जवळपास सगळ्याच गिरण्या घालतात, मलाही ती आधी सांगितली होती, म्हणून तक्रार नाही.

तक्रार आहे ती मोजणीविषयी. अमेरिकेत कापलेले लाकूड बोर्डफुटात मोजतात. बारा इंच लांब, बारा इंच रुंद आणि एक इंच जाड इतके लाकूड म्हणजे एक बोर्डफूट, अर्थात आपल्या घनफुटाचा बारावा हिस्सा. न कापलेल्या ओंडक्यातून किती बोर्डफूट निघतील याचा अंदाज मात्र वेगवेगळ्या कोष्टकांनी करतात, आणि दक्षिणेत अजूनही डोयलचे कोष्टक चालते. ओंडक्याच्या बारीक टोकाच्या इंचातील व्यासातून चार वजा करायचे, उरलेल्याला चाराने भागायचे, त्याचा वर्ग करायचा आणि फुटातील लांबीने गुणायचे. आपल्याकडे लाकडाच्या व्यापारात घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणण्याची जी रीत आहे, ती खऱ्या घनफळापेक्षा साधारण एकवीस टक्के कमी भरते, पण निदान ओंडका लहान असो वा मोठा, तूट त्याच प्रमाणात राहते. डोयलमध्ये तसे नाही. सरसकट चार इंच वजा होत असल्यामुळे बारीक ओंडक्यावर फार अन्याय होतो. माझा बारा इंच व्यासाचा, दहा फुटी ओंडका डोयलप्रमाणे ४० बोर्डफूट होता, प्रत्यक्षात त्यातून ६२ निघाले. सहा ओंडक्यांचा अंदाज ५६८ बोर्डफुटांचा होता आणि दर ५० सेंट, म्हणून मी २८४ डॉलर गृहीत धरले. बिल आले ते निघालेल्या ७०४ बोर्डफुटांचे, म्हणजे ३५२ डॉलरचे, आणि वर पात्यांचे ६०. एकूण ४१२ डॉलर ही रक्कम इतक्या लाकडासाठी मुळीच जास्त नाही, दुकानात याच्या कितीतरी पट पडले असते. अंदाज एका मापाने आणि आकारणी दुसऱ्या मापाने ही पद्धत मात्र आधी स्पष्ट सांगायला हवी. मालकांच्या मते ती इतकी सर्वज्ञात आहे की सांगण्याची गरजच नाही. मला ती ज्ञात नव्हती.

त्यांच्याकडून मी बुडीत सायप्रसचा एक ओंडकाही विकत घेतला, आणि या गिरणीत जाण्याचे खरे आकर्षण तेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी दक्षिणेतली जुनी सायप्रस आणि पाइन जंगले तोडली गेली, तेव्हा ओंडके नद्यांतून तराफे बांधून खाली नेत. सायप्रसचे ओले लाकूड जड असल्याने ते तरंगावे म्हणून झाडाला उभ्यानेच सालीभोवती खोल कडे पाडून वाळू देत आणि मग तोडत. तरीही अनेक ओंडके बुडाले आणि थंड, प्राणवायू नसलेल्या गाळात शंभर वर्षे न कुजता पडून राहिले. फ्लोरिडात नदीचे तळ राज्याच्या मालकीचे असल्यामुळे ते काढायला परवाना लागतो आणि काढणाऱ्याला त्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. मी कागद मागितले तेव्हा मालकांनी कपाळाला आठी न घालता पुरवठादाराचा परवाना पुढे ठेवला. बुडीत लाकूड घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर टाळले गेले तर निघून यावे.

बावीस इंच व्यासाचा, आठ फुटी ओंडका डोयलप्रमाणे १६२ बोर्डफूट भरला. दर कापणीसह ४ डॉलर, म्हणजे ६४८ डॉलर. त्याच्या एका टोकावर करवतीचा सपाट काप नव्हता, कुऱ्हाडीचे घाव होते. साल केव्हाच गेलेली होती, पण भेगांत वाळू भरलेली असल्याने तो आधी दाबाच्या पाण्याने धुतला, नाहीतर वाळूने पाते दोन फळ्यांतच बोथट होते. पहिली फळी उचलली तेव्हा तिचा रंग ओल्या शेवाळासारखा हिरवट होता, आणि आम्ही चहा घेऊन परत येईपर्यंत तो हवेने तपकिरी होऊ लागला होता. पाण्यातल्या खनिजांनुसार हा रंग मधासारखा, राखी किंवा गर्द ऑलिव्ह असा कसाही उतरतो आणि कापल्याशिवाय तो कळत नाही. माझ्या परसातल्या सायप्रसच्या एका इंचात मी सात वाढवलये मोजली होती. या ओंडक्याच्या एका इंचात चौतीस भरली. दाट जंगलाच्या सावलीत हळूहळू वाढलेले झाड आणि तळ्याकाठी उन्हात भराभर वाढलेले झाड यांतला फरक याहून स्पष्ट कसा दाखवावा, मला ठाऊक नाही. सायप्रस कुजत नाही अशी जी ख्याती आहे ती मुख्यतः अशा जुन्या झाडांच्या गाभ्याची आहे. कोवळ्या सायप्रसच्या फिकट बाहेरच्या लाकडाला ती लागू नाही, हे मालकांनीच मला न विचारता सांगितले आणि माझ्या स्वतःच्या फळ्या उघड्यावर वापरू नका असा सल्ला दिला. स्वतःच्या मालाची विक्री वाढावी म्हणून ते हे बोलले असे मला त्या क्षणी वाटले होते, पण त्यानंतर त्यांनी मला आणखी काही विकण्याचा प्रयत्न केला नाही.

येथवर सगळे उत्तम होते. मग मी पाइनच्या फळ्या आणि सायप्रसचा अर्धा भाग त्यांच्याच भट्टीत सुकवायला दिला, आणि तो निर्णय चुकला.

लाकूड सीझन करणे हे कापण्याहून संथ आणि त्याहून निर्दय काम आहे. फळ्यांच्या थरांमध्ये एक इंच जाडीच्या पट्ट्या ठेवतात, त्या एकमेकींपासून सोळा ते चोवीस इंचांवर आणि वरून खाली एकाच रेषेत हव्यात. या गिरणीत त्या बत्तीस इंचांवर होत्या आणि रेषाही सरळ नव्हती, त्यामुळे काही पाइन फळ्या पट्ट्यांच्या मध्ये नागमोडी झाल्या. दुसरे म्हणजे पाइन आणि सायप्रस एकाच वेळी भट्टीत गेले. पाइनचा ओलावा वेगाने काढता येतो, सायप्रस मात्र घाई सहन करत नाही, आणि माझ्या चार फळ्यांच्या पृष्ठभागावर बारीक चिरा पडल्या. बुडीत ओंडक्याच्या फळ्या मी सुदैवाने घरी आणल्या होत्या. तिसरी चूक सर्वांत महागाची ठरली. पाइनमधल्या राळेत उडून जाणारे टर्पेंटाइन असते. लाकूड आतपर्यंत सुमारे ७१ अंश सेल्सिअसला तापवले तर ते उडून जाते आणि राळ आतल्या आत घट्ट बसते. ओलावा शोषून घेणाऱ्या त्यांच्या छोट्या भट्टीत तेवढे तापमान येतच नव्हते. फळ्या मीटरवर बारा टक्के ओलावा दाखवत होत्या, म्हणजे कोरड्या होत्या, पण राळ जागी होती.

मी त्या पाइनचा मागच्या पडवीत झोपाळा केला. दीड इंच जाडीची फळी, वजनाला भरदार, रंग केशरी तपकिरी. भारतातून आलेल्या आईला तो इतका आवडला की दुपारचा चहा तेथेच होऊ लागला. मे महिन्यात पडवीवर ऊन तापले आणि फळीच्या एका गाठीतून राळेचे थेंब वर आले. आई उठली तेव्हा तिच्या इरकलीचा पदर झोपाळ्यालाच राहू पाहत होता. राळ खोबरेल तेलाने निघते आणि तेल साबणाने निघते, ही माहिती तिच्याकडूनच मिळाली, पण पदरावरचा डाग पूर्ण गेलेला नाही.

मी गिरणीत जाऊन फळीचा फोटो दाखवला. मालकांनी वाद घातला नाही, भट्टीचे घेतलेले पैसे निम्मे परत केले आणि पाइन सुकवण्याचे काम यापुढे घेणार नाही असे सांगितले. तो शब्द त्यांनी पाळला आहे का हे पाहायला मी पुन्हा गेलो नाही, पण परवा एका शेजाऱ्याला त्यांनी पाइन फळ्या ओल्याच परत दिल्या आणि शहराजवळच्या मोठ्या भट्टीत पाठवल्या, असे कळले. झोपाळ्याच्या त्या गाठीवर मी गरम हवेच्या पिस्तुलाने राळ काढून शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात दिले, त्यानंतर ती गप्प आहे.

तेव्हा माझे मत असे की कापून घ्यायचे तर खुशाल येथेच जावे, त्यासाठी दोन महिने थांबावे लागले तरी. सुकवण्यासाठी मात्र फळ्या दुसरीकडे न्याव्यात, किंवा सायप्रस असेल तर घरीच पट्ट्यांवर रचून, वरून पत्रा टाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून एका इंचाला एक वर्ष या हिशेबाने वाट पाहावी. बिलाचे माप कोणते ते बोलणी करतानाच लिहून घ्यावे. आणि घराच्या तुळया किंवा छपराची चौकट यासाठी हे लाकूड वापरायचा विचार असेल तर आधी स्थानिक बांधकाम कार्यालयात विचारावे, कारण भार पेलणाऱ्या लाकडावर प्रतवारीचा शिक्का मागितला जातो आणि अशा लहान गिरणीतल्या फळीवर तो नसतो.

बुडीत सायप्रसच्या फळ्या अजून गॅरेजमध्ये पट्ट्यांवर पडून आहेत. त्या सव्वादोन इंच जाडीच्या आहेत आणि गेल्या रविवारी मीटरने सोळा टक्के दाखवले. त्यांचे देवघर दिवाळीपर्यंत होईल असे मी घरात सांगितले होते, फक्त कोणत्या दिवाळीपर्यंत ते सांगितले नव्हते.